नक्कीबाई

आमच्या पाणीपुरवठा खात्यात माणसाची ओळख त्याच्या टेबलावरून होते. माझं टेबल रजेचं, म्हणून मी रजाबाई. लोक किती तऱ्हांनी आजारी पडू शकतात हे माझ्याइतकं कुठल्या डॉक्टरलाही ठाऊक नसेल. एका फिटरने एकाच दाढेवर इतकी वर्षं रजा काढली की शेवटी ती दाढच पडली, आणि हा बाबा माझ्यासमोर येऊन रडवेला झाला, आता दुखायला काही उरलं नाही म्हणून. माझ्या शेजारचं टेबल बदल्यांचं. तिथे बसायची ती नक्कीबाई. ही गोष्ट तिची आहे, आणि सांगताना माझा आवाज मध्येच चढला तर चढू दे. अजून मला तिचा राग येतो.

नक्कीबाई हे नाव तिला पंपवाल्यांनी दिलं. पूर्वी आमच्याकडे बदल्या बंद दाराआड व्हायच्या. कोण कोणाचा भाचा आणि कोण कोणाचा मेहुणा हे पाठ असलं की काम भागायचं. मग नियम आला. मोकळ्या आणि बदलीला आलेल्या माणसांच्या जागा फळ्यावर लिहायच्या, ज्येष्ठतेप्रमाणे एकेकाला पुकारायचं, आणि ज्याने त्याने सगळ्यांच्या देखत आपली जागा निवडायची. कागदोपत्री याला समुपदेशन म्हणतात. आम्ही जागावाटप म्हणतो. तर या जागावाटपात पुकारा करायचं काम तिचं. माणूस उभा राहायचा, जागा सांगायचा, ती माइकमधून विचारायची, "नक्की ना?" एकदाच. तो "हो" म्हणाला की फळ्यावरच्या त्या जागेवर खडूची रेघ. मग आभाळ कोसळलं तरी ती रेघ पुसली जायची नाही. एका मीटरवाल्याने "हो" म्हटलं आणि खाली बसता बसता त्याला आठवलं की बायकोने दुसरीच जागा सांगितली होती. तो परत उठला, तोवर ही म्हणाली, "पुढचे." लोक घरून रंगीत तालीम करून यायचे म्हणतात.

तिचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे मत नसणं. "बदलीच्या टेबलाला मत नसतं," असं ती म्हणायची. कोणी आलं, "बाई, तुम्हीच सांगा, कुठली जागा घेऊ?" की ही म्हणणार, "जागा या आहेत. अर्ज इथे द्या." एकदा एक बाई तिच्या टेबलाशी अर्धी सकाळ रडत होती. नक्कीबाईने तिला पाणी दिलं, आपला रुमाल दिला, पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं, पण सल्ला म्हणून एक शब्द तोंडातून काढला नाही. ती गेल्यावर मी म्हटलं, "अगं, सांगायचंस ना, ती गोदामाची जागा घे म्हणून! कोणाचं काय गेलं असतं?" तर म्हणाली, "आज तिला सांगितलं, उद्या दुसरीला काय सांगू?" आणि कामाला लागली. मी दिवसभर फणफणत होते.

हे असं का, ते मला माहीत होतं. ती या टेबलावर नवी आली तेव्हा जे साहेब होते, त्यांनी भर शाखेत टाळी वाजवून म्हटलं होतं, "चला, आता बाईंचे यजमान धरणावरून खाली येणार!" सगळे हसले. तीही हसली. पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. त्या दिवसापासून तिने तोंडाला जे कुलूप लावलं, त्याची किल्ली तिलाच सापडेना.

तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, आमच्याच खात्यात पंपचालक. वरच्या धरणावर. तिथून शहराला पाणी येतं, पण माणसाला यायला अर्धा दिवस मोडतो. चहूकडे डोंगर, मध्ये पाणी, काठाला पंपघर आणि दोन-तीन क्वार्टर्स. भाऊजी तिथे गेले तेव्हा त्यांची मुलगी बोट धरून चालत होती. सासूबाईंचे पाय गेले होते, दवाखाना इथे, शाळा इथे, आणि वर कारकुनाचं पदच मंजूर नव्हतं, त्यामुळे हिने तिकडे जायचा प्रश्न नव्हता. "दोन-चार वर्षं काढायची," असं सगळेच म्हणाले. पुढे मुलगी शिकली आणि नोकरीला दूरच्या शहरात गेली. सासूबाईंचं हिने शेवटपर्यंत केलं, अगदी पोटच्या लेकीने करावं तसं, आणि त्याही गेल्या. कारणं एकेक करून संपली. व्यवस्था मात्र तशीच राहिली.

आमच्या खालच्या मजल्यावर नियंत्रण कक्ष आहे. रोज सकाळी सगळी पंपांची ठाणी वायरलेसवरून आपापली खबर देतात. त्या वेळेला नक्कीबाई चहाचा कप घेऊन खाली जायची आणि त्या कक्षाच्या दारात उभी राहायची. आत बसणारा ऑपरेटर समजूतदार. काही न बोलता आवाज मोठा करायचा. खरखर व्हायची आणि भाऊजींचा आवाज यायचा. "वरचं धरण बोलतोय. पातळी कालच्याइतकीच. दोन पंप चालू, एक बंद." संपलं. ही उरलेला चहा पिऊन वर यायची. मी विचारायची, "काय म्हणाले भाऊजी?" ती म्हणायची, "दोन चालू, एक बंद." पण चेहरा बघावा! त्यांचा घसा बसलेला असला तर तेवढ्यावरून तिला कळायचं, आणि दुपारच्या जीपबरोबर खोकल्याचं औषध वर जायचं.

तसे ते फोनवरही बोलायचे. ते मी शेजारी बसून ऐकलंय. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवले." "बरं." "बरं." त्यापेक्षा त्या पंपांच्या खबरीत जास्त ओलावा होता.

दर शनिवारी भाऊजी खात्याच्या जीपने खाली यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. शनिवारी दुपारपासून हिचं लक्ष ठिकाणावर नसायचं. एका शनिवारी तिने एका व्हॉल्व्हमनची बदली त्याच्या स्वतःच्याच जागेवर टाइप केली होती. पण सोमवारी सकाळी येऊन बसली की तोंड एवढंसं. एकदा टेबल पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाली, "अगं, ते बेल वाजवतात."

"कोण?"

"हे. किल्ली आहे त्यांच्याकडे. तरी बेल वाजवतात. मी दार उघडते तर पायरीवर उभे. पाहुण्यासारखे. आणि आत आले की विचारतात, कुठला टॉवेल घेऊ."

मी काहीतरी थट्टा करणार होते. तिचा चेहरा बघून हातातला शिक्का खाली ठेवला.

"आणि रविवारभर दुरुस्त्या करत बसतात," ती म्हणाली. "बिजागऱ्या झाल्या, नळ झाले, बटणं झाली. घरात आता बिघडलेलं काही उरलं नाही. परवा चांगला चालणारा पंखा उघडून बसले. मी म्हटलं, अहो, त्याला काय झालंय? म्हणाले, काही नाही, बघतोय. मला कधी कधी वाटतं, रविवारी संध्याकाळी ती जीपच बिघडावी. फक्त एकदा. आणि त्यांना दुरुस्त करता येऊ नये."

हे तिने सांगितलं आणि लगेच कोणाचा तरी अर्ज पुढे ओढला.

मी एकदा कर्मचाऱ्यांची हजेरी तपासायला वरच्या धरणावर गेले होते. भाऊजींनी आग्रहाने क्वार्टरवर नेलं. पुरुषाची खोली वाटणार नाही इतकी स्वच्छ. खिडकीशी दोन खुर्च्या मांडलेल्या. एकीची बैठक बसून बसून खोलगट झालेली, दुसरी दुकानातून काल आणल्यासारखी कोरी. मी विचारलं, "कोणी येतं-जातं वाटतं?" भाऊजी म्हणाले, "नाही हो ताई. एकच खुर्ची बरी दिसत नाही." परत आल्यावर मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. तिचं टाइपिंग चालूच राहिलं. पान संपल्यावर तिने विचारलं, "त्या खिडकीतून पाणी दिसतं का गं?" ती वर गेली होती ती जुन्या क्वार्टरच्या काळात. आता जायला घरात कोणाची अडकाठी नव्हती, पण सुट्टीला तेच खाली यायचे, मग ही जाणार कधी?

तुम्ही म्हणाल, मग बदली का नाही मागितली? तेच तर. नियम होता. नवरा-बायको दोघंही खात्यात असतील तर त्यांना एका गावात आणायला प्राधान्य. मात्र त्या प्राधान्यासाठी ज्याला हलायचं त्याने स्वतः अर्ज करायचा. हा नियम हिच्याइतका कोणी वाचला नसेल. दर वर्षी जागावाटप जवळ आलं की वरच्या धरणाचं टपाल ही स्वतः उघडायची. तेलाची मागणी यायची, बल्बची यायची, साप धरायच्या काठीचीसुद्धा यायची. भाऊजींचा अर्ज यायचा नाही. ही ते सगळं वाचून ज्या त्या शाखेला पाठवायची, आणि तो दिवस माझ्याशी फारशी बोलायची नाही.

"तू विचार ना त्यांना!" मी म्हणायची.

"मी कशी विचारू? या खुर्चीवर बसून?"

"खुर्ची घरी नेतेस का?"

"लोक म्हणतील मीच करायला लावलं. आणि त्यांना यायचं असेल तर ते करतील ना अर्ज. नसेल यायचं तर?" मग अर्ज नीट लावत म्हणायची, "नसेल यायचं तर मी विचारून त्यांना भरीला का घालू?"

मुलीनेही फोनवर समजावून पाहिलं होतं. "आई, तू बाबांना सरळ सांग ना, घरी या म्हणून." ही म्हणाली, "अर्ज त्यांनी करायचा असतो." मुलगी ओरडली, "आई, मी खात्यात नाहीये!"

गेल्या वर्षी आमच्याकडे नवे साहेब आले. वयाने लहान, कुठलंसं मोठं प्रशिक्षण घेऊन आलेले. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "मनुष्यबळाचं नियोजन करताना आपण माणूस केंद्रस्थानी ठेवला पाहिजे." आमच्या शिपायाने मला हळूच विचारलं, "म्हणजे खुर्च्या मधोमध मांडायच्या का?" पण माणूस मनाने चांगला. त्यांनी एक नियम पक्का केला. निवृत्तीला तीन वर्षं उरली की त्या माणसाला हलवायचं नाही, शेवटची वर्षं शांतपणे काढू द्यायची. आता हा नियम दयाळूच होता, पण त्याने आमचं घोडं अडलं. भाऊजी पुढच्या वर्षी त्या तीन वर्षांत जाणार होते. म्हणजे यंदाचं जागावाटप त्यांचं शेवटचं. यंदा खाली आले तर आले, नाही तर निवृत्तीपर्यंत वरच.

आणि योग असा की यंदा जागाही होती. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातला पंपचालक निवृत्त झाला. ते केंद्र यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी डबा घेऊन जावं, संध्याकाळी भाजी घेऊन यावं. ज्येष्ठतेच्या यादीत भाऊजी दुसरे. पहिला होता त्याला त्याच्या गावाजवळचं ठाणं हवं होतं, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. म्हणजे यंदा अर्जाचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं आणि तोंड उघडायचं.

त्या महिन्यात नक्कीबाई वेगळीच झाली होती. केसांना नवीन पिना लावून यायची. मला म्हणाली, "बेडरूममधलं कपाट रंगवायला काढलंय. अर्धं त्यांच्यासाठी मोकळं करते. त्यांचे शर्ट दोनच खण अडवून होते आजवर, बिचारे." मग म्हणाली, "केंद्रात दुपारची पाळी असली तर जेवायला घरी येता येईल, नाही?" मी म्हटलं, "येईल की." "मग मी माझी जेवणाची सुट्टी तेव्हाच घेईन. रजाबाई, द्याल ना?" असं लाडात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "बोललीस त्यांच्याशी?" ती म्हणाली, "त्यात बोलायचं काय? शेवटची संधी आहे, त्यांनाही माहीत आहे. ते घेतीलच." 'तरी एकदा विचारून बघ' असं मी म्हणणार होते. पण तिचा तो चेहरा मोडायला माझी जीभ वळेना, आणि माझी जीभ सहसा कुठे अडत नाही.

जागावाटप बुधवारी होतं. हॉल गच्च भरला होता. नव्या साहेबांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तुमचे यजमान आहेत यादीत. पुकारा दुसऱ्या कोणाला करायला सांगू का?" मी लगेच पुढे झाले, "मी करते, सर." ती म्हणाली, "नको, सर. नियमानेच होईल सगळं." आणि माइक हातात घेतला.

पहिला उठला, त्याने आपलं गावाजवळचं ठाणं घेतलं. "नक्की ना?" "हो." रेघ.

"ज्येष्ठता क्रमांक दोन. वरचं धरण, पंपचालक."

रोज सकाळी ज्या माणसाचा आवाज ऐकायला ही जिने उतरायची, त्याला आज तिने माइकमधून पुकारलं होतं. भाऊजी मागच्या रांगेतून उठले. शर्टाला कडक इस्त्री, केस नीट बसवलेले. जीपमधून थेट हॉलवर आले होते. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आहे तिथेच."

हॉलमध्ये कुजबूज झाली. साहेब पुढे झुकून म्हणाले, "तुम्हाला कल्पना आहे ना, ही तुमची शेवटची संधी आहे?"

"आहे, साहेब."

नक्कीबाईने विचारलं, "नक्की ना?"

"हो."

आता फळ्याकडे वळायचं आणि पुढच्याला पुकारायचं. ती वळली नाही. तिने पुन्हा विचारलं, "नक्की?"

सगळ्या हॉलने माना वर केल्या. दुसऱ्यांदा विचारलेलं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. भाऊजी तसेच उभे. उत्तर द्यायचं सोडून ते तिच्याकडे बघत राहिले, आणि ती त्यांच्याकडे. मी बाजूला बसून मनात ओरडत होते, बोल गं बाई, एक वाक्य बोल, खड्ड्यात गेलं ते टेबल! पण माइकमधून फक्त तिच्या श्वासाचा आवाज येत होता. शेवटी भाऊजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "नक्की."

तिने वरच्या धरणावर रेघ ओढली. खडू मोडला. तिने दुसरा घेतला आणि म्हणाली, "पुढचे."

पुढचा एक तरुण पंपचालक होता. त्याने जलशुद्धीकरण केंद्राची जागा घेतली. आपल्या वाट्याला ती येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. "नक्की ना?" म्हटल्यावर तो "हो हो हो" असं तीनदा म्हणाला आणि लोक हसले. पुढचे सगळे क्रमांक तिने त्याच आवाजात पुकारले. एकही चूक केली नाही. मला वाटत होतं, हिने निदान एक तरी चूक करावी.

संपल्यावर मी भाऊजींना गाठलं. ते इमारतीमागे, जिथे जीपा लागतात तिथे, एकटेच उभे होते. मी आडपडदा ठेवलाच नाही. "भाऊजी, तुम्हाला झालंय काय? ती बाई महिनाभर हवेत चालतेय, आणि तुम्ही 'आहे तिथेच' म्हणता?"

ते गोंधळले. "कोण हवेत चालतंय?"

तेवढ्यात तीही जिना उतरून आली. मी जायला निघाले, तर तिने माझा हात धरून ठेवला. मग मीही मेलं हललेच नाही.

"तुम्हाला यायचंच नव्हतं का?" तिने विचारलं. सरळ विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मला?" भाऊजी म्हणाले. "अगं, मी गेली कित्येक वर्षं वाट बघतोय, तू कधी म्हणतेस याची. त्या टेबलावर तू बसतेस. कुठली जागा कधी रिकामी होते ते सगळ्यांच्या आधी तुला कळतं. दर शनिवारी मी येतो, दर रविवारी जातो. तू एकदा तरी म्हणालीस का, की अमुक जागा होतेय, या? मी म्हटलं, हिचं इथे बस्तान बसलंय. घर हिने एकटीने चालवलं, आईचं केलं, पोरीला वाढवलं. आता मी मध्ये येऊन बसायचं, ते हिला नको असेल."

"मी कसं म्हणणार होते? अर्ज तुम्ही करायचा असतो!"

"घरी यायला?" भाऊजी म्हणाले. "मी माझ्या घरी यायला अर्ज करायचा?"

तिने माझा हात सोडला.

"आणि रविवारी बघितलं," ते म्हणाले, "तर कपाटातले माझे शर्टसुद्धा काढून पेटीत ठेवलेले. म्हटलं, झालं. आता दोन खणही जड झाले."

"अहो, रंगवायला काढलं होतं ते कपाट! तुमच्यासाठी! अर्धं..."  कचेरीत जिने कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती बाई जीपच्या बॉनेटवर हात टेकून रडायला लागली. भाऊजींना काय करावं सुचेना. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, उचलला, परत ठेवला. बायकोच्या पाठीवर हात ठेवायलाही परवानगी लागते की काय अशी त्यांची गत. मला रडू आलं आणि दोघांना चार-चार ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

"साहेब अजून वर आहेत," मी म्हटलं. "आदेश निघायचाय. मी जाते, सांगते. माणूस केंद्रस्थानी म्हणतात ना, बघू या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, हो म्हणणार. तिने डोळे पुसले आणि फाटकाकडे पाहिलं. तिथे तो तरुण पंपचालक फोनवर कोणाला तरी सांगत होता, "अगं, खरंच! चालत जाता येईल घरून! बाळाला रोज बघता येईल!" इतक्या मोठ्याने, की फोन नसता तरी त्याच्या बायकोला ऐकू गेलं असतं.

"नको," ती म्हणाली.

"राहू दे, ताई," भाऊजीही म्हणाले. "त्याचं लेकरू लहान आहे."

मग माझाही इलाज खुंटला. जीपवाला येऊन हॉर्न वाजवायला लागला. वरच्या धरणाचे दोघं-तिघं मागे चढून बसले. कधी नव्हे ते मला नक्कीबाईचं म्हणणं पटलं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. निवृत्तीपर्यंत ही अशीच चहाचा कप घेऊन खालच्या मजल्यावर जाणार, आणि हे वर दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसणार. एका वाक्याचा प्रश्न होता, आणि ते वाक्य तिने माझ्यादेखत माइकसमोर गिळलं होतं.

भाऊजी पुढच्या सीटवर बसले. दार ओढून घेतलं. ती खिडकीपाशी गेली आणि काचेची कड बोटांनी धरून उभी राहिली.

"शनिवारी या," ती म्हणाली.

"येतोच की," भाऊजी म्हणाले. "दर शनिवारी येतो."

"तसं नाही," ती म्हणाली. जीप सुरू झाली होती, म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं, आणि मागे बसलेल्यांनीही ते ऐकलं. "या वेळी मी बोलावतेय म्हणून या."